स्टाफ नोटेशनचा फॉन्ट: लिलीपाँड आणि म्यूझस्कोअरमध्ये निवड, जोडणी आणि निगा

युनिकोड यायच्या आधी मराठी डीटीपीचं काम ज्यांनी केलंय, त्यांना एक दुखणं पक्कं माहीत आहे. श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर कृतिदेवमध्ये उघडला की पानभर कचरा दिसायचा, कारण ‘क’ कुठल्या जागी ठेवायचा हे प्रत्येक फॉन्ट आपापलं ठरवायचा. पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या फॉन्टांचंही बराच काळ हेच चाललं होतं. अडोबीने १९८५ मध्ये ‘सोनाटा’ आणला. पुढे फिनाले या स्वरलेखनाच्या प्रोग्रॅमचा माएस्त्रो आला, सिबेलियस या दुसऱ्या प्रोग्रॅमचा ओपस आला, आणि प्रत्येकाने शार्प, फ्लॅट, क्लेफ (ओळीच्या सुरुवातीची, स्वरांच्या जागा सांगणारी खूण) आपल्या सोयीच्या कळीवर बसवले. स्टाइनबर्गने २०१३ मध्ये ‘ब्राव्हुरा’ हा फॉन्ट आणि त्यासोबत ‘स्मफल’ नावाचं प्रमाण जाहीर केलं, तेव्हा हा गोंधळ आटोक्यात आला. स्मफलमध्ये जी क्लेफ कायम यू+ई०५० वर, एफ क्लेफ यू+ई०६२ वर आणि भरीव नोटहेड (स्वराचा गोळा) यू+ई०ए४ या युनिकोड क्रमांकावर असतं, फॉन्ट कुठलाही असो.

जागा ठरल्या म्हणजे प्रश्न संपला, असं मात्र होत नाही. स्वरलेखनाचा फॉन्ट हा एक संच असतो. चिन्हांच्या आकृत्या, त्या कुठे जोडायच्या याची मापं, स्टाफच्या (स्वर ज्यांवर लिहितात त्या पाच रेघांच्या) रेघेची आणि दांडीची (नोटहेडला जोडलेल्या उभ्या रेघेची) जाडी, सोबतचा अक्षरांचा फॉन्ट असं सगळं त्यात येतं. यातलं एकच बदललं आणि बाकीचं जुनंच राहिलं, की पान ‘काहीतरी चुकलंय’ असं दिसतं आणि नेमकं काय चुकलंय ते हाती लागत नाही. म्हणून इथे लिलीपाँड (यात स्वर आज्ञांच्या रूपात टाइप करतात) आणि म्यूझस्कोअर (यात ते पडद्यावरच्या स्टाफवर मांडतात) या स्वरलेखनाच्या दोन प्रोग्रॅमांसाठी निवड, जोडणी आणि निगा यांचा विचार संच म्हणूनच केला आहे. आज्ञा आणि मेनूंची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची.

आधी स्टाफची उंची, मग फॉन्ट

बहुतेक जण आधी फॉन्ट पाहतात आणि पानात मजकूर मावला नाही की स्टाफ बारीक करतात. क्रम उलटा हवा. स्टाफ किती मिलिमीटरचा असणार हे ठरल्याशिवाय फॉन्ट चांगला की वाईट हे सांगताच येत नाही.

लिलीपाँडचा मूळ फॉन्ट ‘एमेन्टालर’ हा मुद्दा फार नीट दाखवतो. तो एक फॉन्ट नसून आठ आकारांचा संच आहे. आकाराचा नंबर (म्हणजे साधारण पॉइंटांतली उंची) आणि तो ज्या उंचीच्या स्टाफसाठी वापरला जातो ती मिलिमीटरमध्ये, अशी:

११ — ३.९ मिमी (खिशात मावणारे स्कोअर)
१३ — ४.४ मिमी
१४ — ५.० मिमी
१६ — ५.६ मिमी
१८ — ६.३ मिमी (गाण्यांची पुस्तकं)
२० — ७.० मिमी (वादकांचे सुटे पार्ट)
२३ — ७.९ मिमी
२६ — ८.९ मिमी

हे आकार एकाच चित्राचे लहानमोठे ठसे नाहीत. ११ नंबरची चिन्हं प्रमाणाने जाड आणि ठसठशीत आहेत, २६ ची सडपातळ. जुन्या छापखान्यात सहा पॉइंटाचे खिळे बारा पॉइंटाच्या खिळ्यांपेक्षा वेगळे कापलेले असायचे, त्यामागेही हाच विचार होता. रेघांची जाडीही सरळ प्रमाणात घटत नाही. २० पॉइंटाच्या स्टाफला रेघ ०.५ पॉइंटाची, म्हणजे सुमारे ०.१८ मिमी असते. स्टाफ लहान होतो त्या मानाने रेघ कमी बारीक होते.

ब्राव्हुरा, लेलँड, पेटालुमा या स्मफल फॉन्टांचं तसं नाही. त्यांचा एकच आकार असतो आणि सगळी मापं ‘स्पेस’मध्ये, म्हणजे स्टाफच्या दोन रेघांमधल्या अंतरात, दिलेली असतात. ७ मिमीच्या स्टाफला एक स्पेस १.७५ मिमीची. लेलँडची स्टाफरेघ ०.११ स्पेस, म्हणजे ०.१९ मिमी. ही सुरेख छापली जाते. तोच फॉन्ट ३.९ मिमीच्या स्टाफला लावा. स्पेस होते ०.९७५ मिमी आणि रेघ जेमतेम ०.१०७ मिमी. ६०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरचा एक ठिपका ०.०४२ मिमीचा, म्हणजे रेघेच्या वाट्याला अडीच ठिपके आले. अर्धा ठिपका छापता येत नाही, त्यामुळे पाचपैकी काही रेघा दोन ठिपक्यांच्या आणि काही तीनच्या निघू शकतात, आणि स्टाफ पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. अशा वेळी फॉन्टला दोष देऊ नका. रेघेची जाडी ०.१४ स्पेसपर्यंत वाढवा, म्हणजे तीन ठिपके पुरे पडतात. दांडीही त्याच प्रमाणात वाढवा, नाहीतर जाड रेघांवर काडीसारख्या दांड्या उभ्या दिसतील.

पडद्यावर रेघा कमीजास्त जाड दिसल्या तर आधी ४०० टक्के मोठं करून पाहा. तिथे सारख्या दिसल्या तर तो पडद्याचा खेळ आहे, काही बदलायची गरज नाही.

कोणता फॉन्ट कशासाठी

एमेन्टालर हा लिलीपाँडचा पाया आहे. त्यातल्या नेहमीच्या चिन्हांचं नाव ‘फेटा’ आणि प्राचीन चिन्हांचं ‘पार्मेझान’, म्हणजे सगळी चीजचीच नावं. त्याचा घाट विसाव्या शतकातल्या हाताने कोरलेल्या युरोपीय प्लेटांचा, काहीसा गडद. पियानो, चेंबर म्युझिक, कॉयर यांना तो शोभतो. विशेष कारण नसेल तर लिलीपाँडमध्ये हाच ठेवावा, कारण आठ आकारांचा फायदा इतर फारच थोडे फॉन्ट देतात.

लेलँड म्यूझस्कोअर ३.६ सोबत जानेवारी २०२१ मध्ये आला. ‘स्कोअर’ हा जुना संगणकप्रोग्रॅम लिहिणाऱ्या लेलँड स्मिथ यांचं नाव त्याला दिलं आहे. त्याच्या जोडीला मजकुरासाठी ‘एडविन’ आहे. लेलँडच्या रेघा एमेन्टालरपेक्षा फार वेगळ्या नाहीत, पण क्लेफ आणि विराम अधिक मोकळे वाटतात.

ब्राव्हुरा या सगळ्यांत ठळक. स्टाफरेघ ०.१३ स्पेस, दांडी ०.१२, बीम (दांड्या जोडणारी जाड पट्टी) ०.५. दूर ठेवलेल्या स्टँडवरून वाचायचं असेल, प्रकाश कमी असेल किंवा फोटोकॉपीवर फोटोकॉपी निघणार असेल तर हाच घ्या. आणखी एक मोठा गुण म्हणजे चिन्हांचा साठा. मायक्रोटोनल शार्प-फ्लॅट, तालवाद्यांची चित्रचिन्हं, मध्ययुगीन नोटेशन यांपैकी काहीही लागणार असेल तर ते ब्राव्हुरात बहुधा सापडतं.

पेटालुमा आणि म्यूझजॅझ हाताने लिहिल्यासारखे. जॅझच्या लीड शीटमध्ये, जिथे ओळीवर कॉर्डची नावं आणि खाली एकच सुरावट असते, तिथे ते जमतात. चार आवाजांच्या कॉयरला किंवा दाट पियानोला ते लावू नका. जाडजूड नोटहेडं आणि वाकड्या दांड्या दाट कॉर्डमध्ये एकमेकींत मिसळतात.

गॉनव्हिल हा सायमन टॅथम यांनी लिलीपाँडसाठी केलेला फॉन्ट, एमेन्टालरहून गोलसर आणि साधा. लिलीपाँडसाठी हेडन, इम्प्रोव्हिझो, लिलीजॅझ असे आणखीही फॉन्ट मिळतात. ते घेण्याआधी चाचणीपान छापायलाच हवं, कारण लिलीपाँडमध्ये नंतर आलेली काही चिन्हं जुन्या फॉन्टांत नसतात. तिथे लॉगमध्ये इशारा येतो आणि कागदावर नुसती मोकळी जागा राहते.

चाचणीपान

फॉन्टाच्या जाहिरातीतलं पान पाहून निवड करू नये. तिथे जी क्लेफ, दोन शार्प आणि एखादी ट्रिल असते, आणि सगळेच फॉन्ट त्यात देखणे दिसतात. स्वतःचं एक पान करून ठेवा आणि प्रत्येक फॉन्टात तेच छापा. त्यात निदान एवढं हवं: तिन्ही क्लेफ, रेघेवरचा आणि स्पेसमधला नोटहेड शेजारीशेजारी, सेकंद अंतराची कॉर्ड, म्हणजे दांडीच्या दोन्ही बाजूंना नोटहेड, एकट्या आठव्यापासून चौसष्टाव्यापर्यंतचे फ्लॅग, वर आणि खाली, डबल शार्प, डबल फ्लॅट आणि कंसातला नॅचरल, पीपीपी ते एफएफएफ आणि एसएफझेड, सगळे विराम, १२/८ चं टाइम सिग्नेचर, सेन्यो, कोडा, पियानोचा महिरपी कंस, दोन स्टाफांचा आणि तीन स्टाफांचा, ट्रिपलेटचा आकडा, बोटांचे आकडे.

हे पान शेवटी ज्या कागदावर छपाई होणार त्याच कागदावर, त्याच प्रिंटरवर काढा. म्युझिक स्टँडवर ठेवून हातभर मागे उभे राहा. तीन गोष्टी पाहा. रेघेवरच्या नोटहेडमधून रेघ आरपार गेलेली असताना अर्धा आणि पूर्ण स्वर चटकन ओळखू येतात का? फ्लॅट आणि नॅचरल लांबून वेगळे कळतात का? बोटांच्या आकड्यांत १ आणि ७, ३ आणि ५ यांची गल्लत होते का? क्लेफ सुंदर आहे की नाही हे सगळ्यात शेवटी. वादक क्लेफकडे ओळीच्या सुरुवातीला एकदा पाहतो आणि आकस्मिकांकडे, म्हणजे शार्प-फ्लॅट-नॅचरलकडे, दर क्षणाला.

म्यूझस्कोअरमध्ये फॉन्ट बदलणं

फॉरमॅट मेनूत स्टाइल उघडा. ‘स्कोअर’ या पानावर दोन वेगवेगळे पर्याय आहेत, म्युझिकल सिम्बॉल्स फॉन्ट आणि म्युझिकल टेक्स्ट फॉन्ट. पहिला स्टाफवरच्या चिन्हांचा, दुसरा मजकुरात येणाऱ्या चिन्हांचा. टेम्पोच्या खुणेत ‘क्वार्टर नोट = १२०’ लिहिताना जो छोटा स्वर दिसतो तो दुसऱ्यातून येतो. पहिला बदलून दुसरा विसरला की पानभर पेटालुमाचा हस्ताक्षरी घाट आणि माथ्यावर मात्र लेलँडचा काटेकोर स्वर. फार नेहमीची चूक आहे ही.

तिथेच फॉन्टानुसार स्टाइलची मापं आपोआप घ्यावीत का, अशी चौकोनी खूण आहे. ती चालू ठेवूनच फॉन्ट निवडा, म्हणजे रेघ, दांडी, बीम यांच्या जाड्या त्या फॉन्टाला साजेशा होतात. पण यामुळे तुम्ही हाताने बदललेल्या जाड्या पुसल्या जातात. म्हणून क्रम असा: आधी फॉन्ट, मग स्वतःचे बदल, आणि मग ही स्टाइल फाइल म्हणून जतन. पुढच्या स्कोअरला तीच फाइल लावायची.

सुट्या पार्टांची स्टाइल स्वतंत्र असते. मुख्य स्कोअरचा फॉन्ट बदलला तरी व्हायोलिनचा पार्ट जुन्याच फॉन्टात राहू शकतो. स्टाइलच्या खिडकीतलं ‘अप्लाय टू ऑल पार्ट्स’ हे बटण दाबल्याशिवाय बाहेर पडू नका, आणि एक पार्ट उघडून खात्री करा.

लिलीपाँडमध्ये फॉन्ट जोडणं

इथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. लिलीपाँडला स्मफल फॉन्ट थेट चालत नाही. त्याला चिन्हांची स्वतःची नावं लागतात (‘क्लेफ्स.जी’, ‘नोटहेड्स.एस२’ अशी) आणि फॉन्टाच्या आत मापांची खास कोष्टकं लागतात. म्हणून संगणकात ब्राव्हुरा बसवला आणि लिलीपाँडला तो दिसला नाही, तर त्यात नवल नाही. लिलीपाँडसाठी बांधलेलीच आवृत्ती हवी.

अशा फॉन्टाच्या एकूण नऊ ओटीएफ फाइली असतात: -११ पासून -२६ पर्यंतच्या आठ आणि शेवटी -ब्रेस. ज्या फॉन्टाला वेगवेगळे आकार नाहीत, त्यातही एकच आकृती आठ नावांनी ठेवलेली असते, कारण लिलीपाँड फाइलच्या नावावरूनच शोधतो. एखादं नाव चुकलं तर फक्त त्या आकाराचा स्टाफ असलेली फाइल अडते, बाकी सगळं सुरळीत चालतं, आणि कारण शोधताना घाम फुटतो. ‘ब्रेस’ फाइलमध्ये महिरपी कंस असतात. एमेन्टालरमध्ये असे ५७६ कंस चढत्या उंचीने आहेत. नव्या फॉन्टाला स्वतःचा ब्रेस नसेल तर ब्रेसच्या जागी एमेन्टालर असंच लिहा.

फाइली ठेवायची जागा म्हणजे लिलीपाँडच्या फोल्डरात ‘शेअर’, ‘लिलीपाँड’, आवृत्तीचा आकडा, ‘फॉन्ट्स’, ‘ओटीएफ’. मग २.२४ मालिकेत ‘पेपर’ ब्लॉकमध्ये ‘सेट-ग्लोबल-फॉन्ट्स’ ही आज्ञा देऊन म्युझिक, ब्रेस आणि रोमन यांची नावं द्यायची. फॉन्टांची नावं लहान लिपीत, फाइलच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळणारी हवीत. विंडोजवर मोठ्या-लहान अक्षरांचा फरक खपून जातो, लिनक्सवर खपत नाही. एका संगणकावर चाललेली फाइल दुसऱ्यावर अडली तर आधी हेच पाहा.

स्टाफची उंची २० पॉइंटांहून वेगळी असेल तर दोन गोष्टी सांभाळायच्या. ‘सेट-ग्लोबल-स्टाफ-साइझ’ ही आज्ञा फॉन्टाच्या आधी यायला हवी, कारण ती नंतर आली तर फॉन्टाची निवड पुसली जाते. आणि ‘सेट-ग्लोबल-फॉन्ट्स’मध्ये ‘फॅक्टर’ द्यायचा, म्हणजे स्टाफची उंची भागिले २०. अठरा पॉइंटाला ०.९. हा विसरला तर स्टाफ आपल्या आकारात येतो, पण गाण्याचे शब्द आणि शीर्षक २० च्या हिशोबाने मोठे राहतात.

२.२५ या विकासमालिकेत ही रीत बदलली. तिथे ‘प्रॉपर्टी-डिफॉल्ट्स’च्या खाली ‘फॉन्ट्स’ आणि त्याखाली ‘म्युझिक’ असं सरळ नाव द्यायचं, आणि ‘रोमन’च्या जागी ‘सेरिफ’ हा शब्द आहे. जुन्या फाइली नव्या आवृत्तीत नेताना फॉन्टाच्या ओळी हाताने तपासून घ्या.

शब्द देवनागरीत असतील तेव्हा

स्टाफखाली मराठी किंवा कोंकणी शब्द लिहिणारे कमी नाहीत. गोव्यातले कॉयर आहेत, मराठी उपासनागीतं आहेत, भावगीतं पियानोवर किंवा व्हायोलिनवर शिकवणारे आहेत. इथे अडचण येते ती अक्षरांच्या फॉन्टामुळे.

लिलीपाँड अक्षरांसाठी मूळचा सी०५९ वापरतो आणि त्यात देवनागरी नाही. मग फॉन्टकॉन्फिग ही प्रणाली संगणकात जो देवनागरी फॉन्ट सापडेल तो गुपचूप वापरते. तुमच्याकडे एक सापडेल, छापणाऱ्याकडे दुसरा. अक्षरांची रुंदी बदलली की ओळी वेगळ्या तुटतात आणि पानांची संख्यासुद्धा बदलते. उपाय सोपा आहे. रोमनच्या जागी स्वल्पविरामाने दोन नावं द्या, आधी सी०५९ आणि मग तुम्ही निवडलेला देवनागरी फॉन्ट. रोमन अक्षरं पहिल्यातून येतील, देवनागरी दुसऱ्यातून.

मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ आणि आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ हे खुले फॉन्ट चांगले आहेत. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर ‘टिरो देवनागरी मराठी’ घ्यावा. काही फॉन्टांत मराठी वळण असतं, पण ते भाषेची खूण मिळाली तरच जागं होतं, आणि स्वरलेखनाच्या प्रोग्रॅममधून ती खूण पोचेलच असं नाही. टिरोत मराठी रूपं मूळचीच आहेत.

जाडी निवडताना शिरोरेषेकडे पाहा. स्टाफच्या पाच आडव्या रेघा आणि त्याखाली शब्दांच्या आडव्या शिरोरेषा. शिरोरेषा स्टाफरेघेइतकी बारीक असेल तर लांबून सहाव्या तुटक रेघेसारखी दिसते. ७ मिमीच्या स्टाफला रेघ ०.१८ मिमी असते, म्हणून शिरोरेषा तिच्या निदान दुप्पट जाड दिसेल असं वजन घ्या. बारीक ‘लाइट’ वजनं इथे कामाची नाहीत.

स्वरांखाली बसवण्यासाठी शब्दाचे अवयव (सिलॅबल) तोडताना जोडाक्षर मोडू नका. लिलीपाँडमध्ये दोन अवयवांच्या मध्ये मोकळ्या जागेसह दोन आडव्या रेघा देतात, म्यूझस्कोअरमध्ये हायफनची कळ दाबली की पुढच्या स्वरावर जाता येतं. ‘भक्ती’ हा शब्द ‘भ’ आणि ‘क्ती’ असा तोडला तर नीट दिसतो. उच्चाराप्रमाणे ‘भक्’ आणि ‘ती’ असा तोडला तर पहिल्या स्वराखाली पाय मोडलेला क् दिसतो. गायकाला उच्चार कळावा म्हणून कोणी मुद्दाम तसं करतात, आणि ते चूक नाही, पण मग अख्ख्या गाण्यात एकच रीत ठेवा.

म्यूझस्कोअरमध्ये गाण्याच्या शब्दांसाठी दोन टेक्स्ट स्टाइली आहेत, विषम ओळींसाठी एक आणि सम ओळींसाठी दुसरी. पहिलीतच फॉन्ट बदलला तर दुसरं कडवं वेगळ्याच अक्षरात उमटतं. आणि दोन्ही प्रोग्रॅमना युनिकोडच लागतं. श्रीलिपी-कृतिदेवमधलं जुनं गाणं आधी युनिकोडमध्ये बदलून मगच चिकटवा.

फॉन्टात दुरुस्ती करायची असेल तर

कधी एखादं चिन्ह खटकतं. समजा ब्राव्हुराचा भरीव नोटहेड थोडा रुंद हवा आहे. फॉन्टफोर्ज या फॉन्ट-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फॉन्ट उघडा आणि यू+ई०ए४ वर जा. स्मफलचा हिशोब असा की स्टाफची पूर्ण उंची म्हणजे एक एम, म्हणजे १००० एककं, आणि एक स्पेस २५० एककं. ब्राव्हुराचा हा नोटहेड २९५ एककं रुंद आहे, २९५ भागिले २५० म्हणजे १.१८ स्पेस. उंचीला तो फॉन्टाच्या बेसलाइनच्या वर अर्धी स्पेस आणि खाली अर्धी.

आता फॉन्टासोबत येणारी मापांची, म्हणजे मेटाडेटाची, जेसन फाइल उघडा. तिथे नोटहेडच्या नावाखाली ‘स्टेमअपएसई’ म्हणून १.१८ आणि ०.१६८ असे दोन आकडे आहेत. वर जाणाऱ्या दांडीची उजवी कड या बिंदूला चिकटते. तुम्ही नोटहेड ३०५ एककं रुंद केला आणि हा आकडा तसाच ठेवला, तर दांडी ०.०४ स्पेस आत राहते. ७ मिमीच्या स्टाफवर हे अंतर ०.०७ मिमी होतं, ६०० डीपीआयला जेमतेम दोन ठिपके, पण छापून पाहा: प्रत्येक नोटहेडच्या उजव्या खांद्यावर बारीकसा फोड आल्यासारखा दिसतो. आकडा १.२२ करा, फोड गेला. चौकटीची मापंही त्याच फाइलमध्ये आहेत, तीही बदला, नाहीतर शेजारच्या शार्पचं अंतर चुकेल.

जेसनमध्ये एक स्वल्पविराम जास्त पडला तरी ती अख्खी फाइल अवैध ठरते आणि कुठलंच माप लागू होत नाही. जतन केल्यावर पायथनच्या ‘जेसन.टूल’मधून फाइल एकदा फिरवा, चूक कुठल्या ओळीत आहे ते तो सांगतो. लिनक्सवर ही फाइल घरच्या फोल्डरातल्या ‘.लोकल/शेअर/स्मफल/फॉन्ट्स’मध्ये फॉन्टाच्या नावाच्या फोल्डरात, फॉन्टाच्याच नावाने ठेवायची असते.

नाव बदलायला विसरू नका. ब्राव्हुरा सिल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. छापा, पीडीएफमध्ये भरा, बदला, वाटा, सगळ्याला मुभा आहे, पण ‘ब्राव्हुरा’ हे नाव राखीव आहे, त्यामुळे बदललेल्या फॉन्टाला वेगळं नाव द्यावंच लागतं. हे तुमच्याही सोयीचं आहे. एकाच नावाचे दोन वेगळे फॉन्ट संगणकात असले की कोणता वापरला गेला हे सांगणं कठीण होतं.

लिलीपाँडच्या फॉन्टात अशी दुरुस्ती ओटीएफ उघडून करू नये. त्याची मापं फाइलच्या आतल्या कोष्टकांत असतात, नुसती आकृती बदलून ती बदलत नाहीत. एमेन्टालरचा उगम मेटाफॉन्ट भाषेतल्या मजकुरात आहे. तिथे बदल करून फॉन्ट पुन्हा बांधला की आकृती आणि मापं दोन्ही एकत्र येतात.

निगा

लिलीपाँडची नवी आवृत्ती नव्या फोल्डरात येते. २.२४.३ मध्ये टाकलेले जादा फॉन्ट २.२४.४ मध्ये नसतात. म्हणून मूळ फाइली लिलीपाँडच्या बाहेर एका फोल्डरात ठेवा आणि नवी आवृत्ती आली की तिथून नकलायची छोटी स्क्रिप्ट करून ठेवा. अक्षरांच्या फॉन्टासाठी याहून चांगली सोय आहे: ‘एलवाय:फॉन्ट-कॉन्फिग-ॲड-डिरेक्टरी’ या आज्ञेने गाण्याच्या फोल्डरातलेच फॉन्ट वापरता येतात. मग ते संगणकात बसवावे लागत नाहीत आणि फोल्डर दुसऱ्याला दिला की फॉन्टही सोबत जातात. त्या फोल्डरात लायसन्सची फाइल आणि फॉन्टाची आवृत्ती लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

म्यूझस्कोअरची फाइल फॉन्ट सोबत नेत नाही. दुसऱ्याला दुरुस्तीसाठी स्कोअर देताना देवनागरी फॉन्टही द्या, आणि कसं दिसायला हवं ते कळावं म्हणून एक पीडीएफ जोडा.

नवा फॉन्ट बसवल्यावर लिलीपाँडची पहिली खेप रेंगाळते, कारण फॉन्टांची यादी नव्याने बनते. ती अर्ध्यात तोडू नका. फॉन्ट दिसत नसेल तर ‘एफसी-कॅश’ चालवा, मग ‘एफसी-लिस्ट’मध्ये नाव शोधा. तेच नाव दोन ठिकाणी दिसलं तर जुनी प्रत काढून टाका. लिलीपाँडला नेमकं काय दिसतं हे ‘-डीशो-अव्हेलेबल-फॉन्ट्स’ या पर्यायाने कळतं.

पीडीएफ छपाईला देण्याआधी ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही आज्ञा चालवणं ही सगळ्यात उपयोगी सवय. आत कुठले फॉन्ट आहेत त्यांची यादी येते. तुम्ही न निवडलेलं नाव त्यात दिसलं, तर कुठेतरी गुपचूप बदली झालेली आहे. ‘ईएमबी’च्या रकान्यात प्रत्येक फॉन्टापुढे ‘यस’ हवं. ‘नो’ असेल तर छापखान्याच्या संगणकावर वेगळंच काही उमटेल.

मजकुरात चिन्ह घालताना एक काळजी घ्या. स्मफलची चिन्हं युनिकोडच्या खासगी पट्ट्यात आहेत आणि काही आयकॉन-फॉन्टही तोच पट्टा वापरतात. म्युझिक फॉन्ट नसलेल्या संगणकावर शार्पच्या जागी बाण किंवा टोपली दिसू शकते. यू+एफ४०० पासून पुढच्या जागा तर प्रत्येक फॉन्टाच्या स्वतःच्या मालकीच्या आहेत. तिथलं चिन्ह थेट वापरलं असेल तर फॉन्ट बदलताच ते हरवतं. आणि लेखात ओळीच्या मधोमध स्वर दाखवायचा असेल तर ब्राव्हुराऐवजी ‘ब्राव्हुरा टेक्स्ट’ वापरा. मूळ ब्राव्हुरात उंच चिन्हं मावावीत म्हणून ओळीची उंची प्रचंड ठेवली आहे, त्यामुळे एका छोट्या स्वरासाठी दोन ओळींत खिंडार पडतं.

आवृत्ती बदलण्याआधी तेच चाचणीपान जुन्या आवृत्तीतून ३०० डीपीआयच्या पीएनजीमध्ये काढून ठेवा, नंतर नव्यातून काढा, आणि इमेजमॅजिकच्या ‘कम्पेअर’ने दोन्ही ताडून पाहा. जिथे फरक असतो तिथे लाल दिसतं. स्लरच्या टोकांना किंवा शब्दांच्या अंतरात थोडं लाल असणं नेहमीचं आहे. नोटहेड, दांडी किंवा क्लेफ लाल झाली असेल तर फॉन्ट बदललेला आहे, आणि चालू पुस्तकाचं काम जुन्याच आवृत्तीवर पुरं करा.